टक झालं का?

पुंजाजी मिस्त्र्याला ऐकू येत नाही, हे त्याच्या बायकोला, सोजराबाईला, कळलं ते एक कळशी हातातून सुटली म्हणून.

फाल्गुनातली सकाळ होती. पुंजाजी ओट्यावर बसून कुणाच्या तरी शिवणाच्या मशीनचं चाक उघडत होता. त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, सोजराबाईच्या हातची भरली कळशी फरशीवर आपटली. शेजारची वच्छलाबाई काय झालं म्हणून धावत आली. पुंजाजीनं मात्र मान वळवली नाही. पाणी वाहत त्याच्या पायाशी आलं, धोतराचा सोगा भिजला, तेव्हा तो दचकून उठला आणि म्हणाला, "अवं, पानी कुठून येऊन राह्यलं?"

वच्छलाबाई गेल्यावर सोजराबाई त्याच्या समोर जाऊन बसली. "कदीपासून?" तिनं विचारलं. ओठ हलले ते त्यानं पाहिले, आणि लपवण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

बावीस वर्षं तो खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर होता. कपाशीचा हंगाम सुरू झाला की सरकी काढणाऱ्या रेच्यांचा खडखडाट सकाळी कानात शिरायचा तो रात्री झोपेतही निघायचा नाही. कान कधी विझत गेले ते त्यालाही कळलं नाही. गेल्या पौषात मात्र कळलं. एका माणसाचं धोतर पट्ट्यात सापडलं. इंजिन बंद करा म्हणून दहाजण ओरडले, आणि पुंजाजी त्यांच्याकडे पाठ करून वंगणाचं भांडं पुसत राहिला. दुसऱ्याच कुणी धावत येऊन इंजिन थांबवलं. माणूस वाचला, मांडीची साल तेवढी निघाली. दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं काम सोडलं. घरी सांगितलं, कंटाळा आला.

"त्याचा जीव गेला असता तं मी कोन्त्या तोंडानं जगलो असतो, सांग बरं?" तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "शालूची माय, कोनाले सांगू नोको. मिस्त्री बहिरा हाय म्हटलं तं मशीन कोन देईन माह्या हातात?"

सोजराबाईनं कुणालाही सांगितलं नाही. संग्रामपूरला दिलेल्या लेकीला, शालूलाही नाही.

ती धामणगाव बढ्याच्या माळ्याची लेक. वांगी-मिरच्यांच्या वाफ्यात वाढलेली, मशीन म्हणजे काय ते लग्नानंतर पाहिलेली. पण त्या दिवसापासून पुंजाजी जिथे कामाला जाईल तिथे ती त्याची पिशवी घेऊन जाऊ लागली. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की ती पुंजाजीकडे तोंड करून तेच पुन्हा विचारायची, "म्हंजे इंजिन सुरू होते न् मंग बसते, असं म्हंता का तुमी?" पुंजाजी तिचे ओठ वाचायचा आणि मान डोलवायचा. लोकांना वाटायचं, बाई मोठी चौकस आहे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, उतारवयात नवऱ्याची पाठ सोडत नाही म्हणून. सोजराबाई हसू द्यायची.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. वैशाखातल्या एका सकाळी डॉक्टर नारायणरावांचे कंपाउंडर किसनराव सायकलीवरून घाईघाईनं आले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"मिस्त्री, डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. बर्फाचं कपाट बंद पडलं."

डॉक्टरांच्या दवाखान्यात विजेवर चालणारं थंडं कपाट होतं. माणसाच्या उंचीचं, पांढरंशुभ्र. आख्ख्या गावात तसं दुसरं नव्हतं. त्यात सरबत ठेवत नसत. घटसर्पाचं औषध ठेवत, बारा कुप्या. लेकरांचे गळे धरणारा तो आजार आला की आधी अकोल्याकडे धाव घ्यावी लागे, आणि सगळीच लेकरं अकोल्यापर्यंत पोचत नसत. ते औषध उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर नासणार होतं.

"कवापासून बंद हाये म्हंता, किसनराव? कालच्यापासून का?" सोजराबाईनं पुंजाजीकडे पाहत विचारलं.

"कालच्या सांजेपासून. कुप्या माठात ठेवल्या, भोवती ओलं पोतं गुंडाळलं. अकोल्याहून बर्फ मागवला, तोबी अर्धा वाटेतच पाणी झाला."

पुंजाजीनं पान्यांची पिशवी उचलली. सोजराबाईनं ती त्याच्या हातून घेतली आणि दोघं निघाली.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टर नारायणराव वाटच पाहत होते. उंच, चष्मेवाले, बोलायला मऊ. "पुंजाजी, मुंबईच्या कंपनीला तार केली. माणूस यायला पंधरा दिवस लागतील म्हणतात. मोटर काढून पाठवायची असेल, तर आमच्या ओळखीचे भगवंतराव आज दुपारच्या गाडीनं मुंबईला निघालेत, ते घेऊन जातील. पण आधी तुम्ही बघा."

पुंजाजी कपाटाच्या तळाशी उकिडवा बसला. खालचं जाळीचं दार काढलं. आत एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला गॅस दाबणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, आणि दोघांच्या चाकांवरून गेलेला एक पट्टा. असं कपाट त्यानं आयुष्यात उघडलं नव्हतं. पण मोटर म्हणजे मोटर, पट्टा म्हणजे पट्टा.

"बटण दाबलं की काय होते, किसनराव?" पुंजाजीनं विचारलं.

"घूं असा आवाज करते. फिरत नाही. घडीभरात फ्यूज उडते. तीनदा तार बदलली मी. तिसऱ्यांदा जरा जाड टाकली."

सोजराबाईनं ते सगळं पुंजाजीकडे तोंड करून पुन्हा विचारलं. जाड तारेचं कळताच पुंजाजीनं जीभ चावली. "जाड नोको टाकू, भाऊ. फ्यूज जळते म्हनून मोटर वाचते. आधी ती काढ."

किसनरावांनी मुकाट्यानं बारीक तार घातली. पुंजाजीनं पिशवीतून होल्डरला लावलेला दिवा काढला. त्याची दोन टोकं भिंतीतल्या प्लगला लावली. दिवा पेटला. मोटरच्या स्क्रूंना लावली. तिथेही पेटला. म्हणजे वीज मोटरपर्यंत येत होती, वाटेत कुठे अडत नव्हती. मग त्यानं वीज बंद केली आणि कॉम्प्रेसरचं चाक हातानं फिरवून पाहिलं. चाक थोडं जड, पण फिरलं. आतला दट्ट्या वर आला, खाली गेला, ते त्याच्या तळहाताला कळलं.

"हा जिता हाय," तो म्हणाला. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला.

पट्टा काढून त्यानं मोटर एकटी केली, तिच्या अंगावर तळहात ठेवला आणि किसनरावांना बटण दाबायला सांगितलं. मोटर थरथरली, पण जागची हलली नाही. तेव्हा त्यानं फडक्यानं चाकाला एक झटका दिला, आणि काय! मोटर भुर्रकन फिरायला लागली. किसनराव टाळी वाजवणारच होते. पुंजाजीनं हात वर करून थांबवलं.

"हे काही खरं नाही. ढकलल्यावर चालते. मंग रोज कोन ढकलन तिले?"

त्यानं बटण बंद करवलं, चाक थांबलं, आणि तो तसाच बसून राहिला.

सोजराबाई त्याला ओळखत होती. एवढा वेळ त्याचे हात एका कामातून दुसऱ्या कामात जात होते, आणि आता ते गुडघ्यावर थांबले होते. त्यानं पुन्हा बटण दाबायला सांगितलं, चाकाला झटका दिला, मोटर पळवली, बंद करवली. चाक मंद होताना त्यानं कान मोटरजवळ नेला आणि मान हलवली. जणू काही ऐकलं. पण त्याच्या कपाळावर घाम डवरला होता, आणि तिला कळलं, त्यानं काहीही ऐकलेलं नाही. तो ऐकल्याचं सोंग करतोय.

"काय वाटतं, पुंजाजी?" डॉक्टरांनी मागून विचारलं.

पुंजाजी मोटरकडे पाहत राहिला.

"पुंजाजी?"

डॉक्टरांनी किसनरावांकडे पाहिलं. डॉक्टर पुढे आले तेव्हा सोजराबाई दाराशी सरकली होती. तिथून तिचं तोंड पुंजाजीला दिसणार नव्हतं, आणि डॉक्टरांना ओलांडून पुढे जायचा धीर तिला होईना. पिशवीचा बंद तिनं बोटाभोवती आवळला.

मग पुंजाजीनंच मागे वळून पाहिलं. आधी डॉक्टरांकडे, मग दाराकडे, तिच्याकडे. तो उभा राहिला. हात धोतराला पुसले.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "मले आयकू येत नाही."

"पौषापासून अजिबातच नाही. थोडं थोडं तं कदीचंच गेलं होतं. हातानं कळते तेवढं मले कळलं. पुढचं कानाचं काम हाय. ह्या मोटरीत एक स्विच असते. सुरू होताना जो जास्तीचा जोर लागते, तो स्विच देते. मोटर पळाले लागली की स्विच सुटते, थांबाले लागली की परत बसते. बसताना टक होते. टक झालं तं स्विच चांगला हाय न् आतली तार जळाली. मंग उघडून फायदा नाही, मुंबईलेच धाडा. टक नाही झालं तं स्विच अडकला, न् ते माह्या हातचं काम हाय. पन ते टक मले आयकू येत नाही." त्यानं एक श्वास घेतला. "ते माही बायको आयकन."

आजवर सोजराबाई त्याच्या आडोशानं ऐकत आली होती. चार शिकल्या माणसांसमोर, असं उघडपणे, कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

डॉक्टर बाजूला सरले. "या बाई, पुढे या," ते म्हणाले.

ती मोटरजवळ जाऊन बसली. पुंजाजी तिच्या समोर, तोंडाशी तोंड येईल असा बसला. "अडकित्त्यात सुपारी मोडते ना," तो म्हणाला, "तसा बारीक आवाज. चाक थांबाले आलं की. एकदाच. भिऊ नोको. होते तं हो म्हन, नाही तं नाही म्हन."

मोटर सुरू झाली, पळाली, बंद झाली. चाक मंद होत गेलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत एक तान्हं लेकरू रडलं.

"पुन्ना करा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा चाक थांबत आलं आणि टक असा आवाज झाला. तिचं तोंड उघडलं. पण मान वळवली तर किसनरावांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली होती. किसनराव ओशाळले. "पुन्ना," ती म्हणाली. आपण चुकलो तर? नाही म्हटलं आणि झालेलं असलं, तर हा जळालेली मोटर फुकट खोलून बसेल, मुंबईची गाडी निघून जाईल. हो म्हटलं आणि झालेलं नसलं, तर मोटर उगाच मुंबईला जाईल आणि बारा कुप्या वैशाखात नासतील.

डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. दार लावून घेतलं.

तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. चाकाचा भिरभिराट ऐकू आला, मग त्याची सूं, मग सूंची नुसती कुसकूस, आणि मग काहीच नाही. ती तरीही थांबली. डोळे उघडले तेव्हा पुंजाजी तिच्याकडे पाहत होता. त्याच्या हाताखालची मोटर पूर्ण थांबली होती.

"टक झालं का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही झालं. माही खात्री हाय."

"मंग खोलतो," पुंजाजी म्हणाला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यानं मोटरच्या झाकणावर आणि अंगावर छिन्नीनं एकेक खूण केली, परत तसंच बसावं म्हणून. चार बोल्ट काढले. लाकडी दांड्यानं हलके ठोके देत झाकण सैल केलं. आत, आसाच्या शेवटाशी, स्विचची कडी होती. ती मागेपुढे सरकायला हवी, पण काळ्या चिकट लगद्यात घट्ट रुतली होती. पुंजाजीनं बोटावर लगदा घेतला, चोळला, वास घेतला. तेल आणि रुई. जिनिंगच्या गावात कापसाचे तंतू उडत कुठे जात नाहीत?

"ह्याच्यात तेल कोन टाकते?"

किसनरावांचा चेहरा उतरला. "मीच. दर सोमवारी. एक सोमवार चुकवला नाही. तेल कमी पडून मशीन खराब झाली तर लेकरांचं औषध..." त्यांना पुढे बोलवेना.

सोजराबाईनं पुंजाजीला ते सांगितलं. तो किसनरावांकडे वळला. गेल्या पौषातला तो दिवस त्याच्या मनात आला असावा, कारण त्याचा आवाज फार हळू झाला. "भाऊ, जिवापाड जपलं म्हनूनच झालं हे. वर्साले दोन थेंब पुरतात. मशीन काही लेकरू नाही, तिले रोज पाजायची गरज नाही."

किसनराव हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

घासलेटात कडी धुतली, फडक्यानं कोरडी केली. स्विचची टोकं काळी पडली होती, ती बारीक काचकागदानं चकचकीत झाली. खुणेला खूण जुळवून झाकण बसवलं. पट्टा न लावताच पुंजाजीनं बटण दाबायला सांगितलं आणि डोळे मोटरवर न ठेवता सोजराबाईच्या चेहऱ्यावर ठेवले.

मोटर न ढकलता उठली. वेग घेतला, आणि त्या वेगात कुठेतरी, स्पष्ट, सुपारी मोडल्यासारखं टक. बंद केली, मंद झाली, आणि पुन्हा टक. सोजराबाईनं तोंडानं काही सांगितलं नाही. तिचा चेहराच असा उजळला की पुंजाजी मान खाली घालून पट्टा चढवू लागला.

पट्ट्यासकट कॉम्प्रेसर चालू झाला. पुंजाजीनं हात त्याच्या अंगावर ठेवला. ठोका नीट, एका लयीत. मग सगळे वाट पाहत बसले. डॉक्टरांनी चहा मागवला. सोजराबाई बाहेर जाऊ लागली, तर त्यांनी तिला तिथेच बसवून कपबशी दिली. घटकाभरानं कपाटाच्या आतल्या नळ्यांवर पांढरं धुकं धरलं, आणि आणखी थोड्या वेळानं त्याचा पापुद्रा झाला. "हात लावून पाहा," डॉक्टर म्हणाले. तिनं बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. किसनरावांनी माठातल्या कुप्या एकेक पुसून आत ठेवल्या. मोजल्या. बाराही होत्या.

मग डॉक्टरांनी पुंजाजीला खुर्चीवर बसवलं आणि बॅटरीच्या उजेडात दोन्ही कान तपासले. बराच वेळ लावला. नंतर पुंजाजीच्या समोर बसून, एकेक शब्द सावकाश म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. बावीस वर्षांच्या आवाजानं आतली नस झिजली. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

पुंजाजीनं मान डोलवली. त्याला हे ठाऊकच होतं.

"पण लपवता कशाला?"

"बहिऱ्या मिस्त्र्याले मशीन कोन देते, साहेब?"

"आज मी दिली ना," डॉक्टर म्हणाले. "उद्याही देईन. तुम्हा दोघांना."

घरी परतताना ऊन डोक्यावर होतं. दोघं कडुलिंबांच्या सावलीसावलीनं चालली. पुंजाजी एरवी पुढे चालायचा, आज तो तिच्या बाजूनं चालत होता, तिचं तोंड दिसावं म्हणून. बाजाराच्या वळणावर तो थांबला.

"शालूची माय, आता इथं काय काय आवाज येऊन राह्यले?"

तिला आधी कळलंच नाही, काय विचारतो ते. मग ती उभी राहून ऐकू लागली. "लोहाराचा भाता चालू हाय," ती म्हणाली. "एक बाई पोराले शिव्या देऊन राह्यली. टांग्याच्या घोड्याची घंटी. न् लिंबावर व्हला बसला, तो घुमून राह्यला."

"व्हला," पुंजाजी म्हणाला. मान वर करून त्यानं झाडात शोधलं. होला पक्षी दिसला तेव्हा त्याच्या गळ्याची धडधड पाहत तो कितीतरी वेळ उभा राहिला. सोजराबाई रस्त्यात, भर दुपारी, पिशवी धरून त्याच्याजवळ उभी राहिली. तिला घाई नव्हती.

पुंजाजी बहिरा आहे, ही गोष्ट आठवड्यात गावभर झाली. त्यानं स्वतःच सांगितली. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला तेव्हा तो फॅक्टरीच्या फाटकाशी गेला आणि आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला कापसाचे बोळे दाखवून म्हणू लागला, "कानात घाल, बाबू. पुढं कामी येईन." बहुतेक हसले. दोघांनी घातले. दुसऱ्या वर्षी सातजणांनी.

कामं कमी झाली नाहीत. उलट विहिरींवरची तेलाची इंजिनं, पिठाच्या गिरण्या, जिथे काही अडेल तिथून निरोप यायचा, आणि निरोप देणारा म्हणायचा, मिस्त्रीणबाईलेबी घेऊन या. धामणगाव बढ्याला तिच्याच भावाच्या, तुळशीरामच्या मळ्यात इंजिन बसलं तेव्हा भाऊ कुरकुरला, चार बाप्यांत बहीण काऊन उभी राहते म्हणून. पुंजाजीला ते ऐकू गेलं नाही. सोजराबाईला गेलं. तिनं पदर खोचला, इंजिनाजवळ बसली, थोडा वेळ ऐकलं आणि भावाला म्हणाली, "तुह्या इंजिनाचा व्हॉल्व खडखडते, तुळशीराम. पाना दे." संध्याकाळी वाफ्यांत पाणी चाललं तेव्हा तुळशीरामनं स्वतः दोघांसाठी बैलगाडी जुंपली.

गाडीत पुंजाजी तिच्या समोर बसला. मिरचीच्या रोपांमधून पाणी झुळझुळत होतं. सोजराबाई माहेरची, लहानपणची एक ओवी गुणगुणू लागली, आणि पुंजाजी तिच्या ओठांकडे पाहतोय हे दिसताच लाजून थांबली.

"थांबली काऊन?" तो म्हणाला. "म्हन ना. मी पाहून राह्यलो."